सिटीची न्यूसन्सची नोटीस दारावर लागली तर: आधी तारीख बघा, मग गवत

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको, कॅलिफोर्नियात बे एरियातल्या एका गावात स्वतःचं घर. आईच्या आजारपणामुळे अडीच महिने पुण्यात अडकले, परत येऊन बघतात तर दाराला टेपने चिकटवलेला कागद, 'पब्लिक न्यूसन्स (म्हणजे लोकांना उपद्रव) आहे, दूर करा' असा. पुढचं गवत गुडघ्याला लागतंय, बाजूच्या पट्ट्यात दोन टायर बसलेली जुनी कॅमरी गाडी, मागे फेन्सला टेकवून ठेवलेली लाकडं आणि पत्रे, आणि पर्मिट न काढता उभी केलेली शेड. सोबत त्याच तारखेचं शंभर डॉलरचं सायटेशन, म्हणजे दंडाचा कागद. अपीलला दहा दिवस आणि त्यातले सहा संपलेत. विचारलंय की अपील करायचं, का गप गवत कापून पैसे भरून मोकळं व्हायचं, आणि अपील केलं तर सिटी डूख धरून बसेल का.

मी बरीच वर्षं इथल्या एका छोट्या सिटीत कोड एन्फोर्समेंट इन्स्पेक्टर, म्हणजे सिटीचे नियम पाळले जातात का ते बघणारा, होतो आणि आता दुसऱ्या दोन-तीन ठिकाणी हिअरिंग ऑफिसर, म्हणजे अपील ऐकून निकाल देणारा, म्हणून बसतो. म्हणजे आधी अशा नोटिसा स्वतःच्या हाताने दारांना चिकटवल्या आणि नंतर त्याच प्रकारच्या नोटिसांवरची अपीलं ऐकली. वकील नाही मी, त्यामुळे घर पाडायची ऑर्डर वगैरे असेल तर वकीलच गाठा, पण तुमच्यासारखी केस लोक स्वतः लढवतात आणि नीट लढवली तर बऱ्यापैकी जिंकतात.

तर उत्तर: दोन्ही करा. गवतही कापा आणि अपीलही टाका. आपल्या लोकांचा एक ठाम गैरसमज असतो की आता साफसफाई केली तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, म्हणून अपीलचा निकाल लागेपर्यंत गवत तसंच ठेवतात, आणि हिअरिंगच्या दिवशी इन्स्पेक्टर सकाळी काढलेला ताजा फोटो टेबलावर ठेवतो, मग बोलायला काही उरतच नाही. साफ करणं म्हणजे कबुली नाही. उलट हिअरिंग ऑफिसर पहिला प्रश्न हाच विचारतो की आज परिस्थिती काय आहे. फक्त कापायच्या आधी फोटो काढा, रस्त्यावरून, फुटपाथवरून, चारी बाजूंनी, अगदी वाईट दिसत असलं तरी, कारण सिटीच्या फोटोत अँगलमुळे गवत छातीपर्यंत दिसू शकतं. मग कापल्यावर त्याच जागी उभं राहून परत काढा. माळ्याची पावती ठेवा. रोख दिले असतील तर त्याच्याकडून तारखेसकट दोन ओळी लिहून घ्या.

आता कागद हातात घ्या आणि नीट बघा की कागद एक आहे का दोन. बहुतेक वेळा दोन असतात. एक म्हणजे न्यूसन्स दूर करा ही ऑर्डर, म्हणजे अबेटमेंट. दुसरं सायटेशन, म्हणजे दंड. दोन्हींचं अपील वेगळं, कधीकधी मुदतही वेगळी, फॉर्मही वेगळा. माझ्यासमोर आलेल्यांत निदान डझनभर लोक असे असतील ज्यांनी शंभर डॉलरचं अपील मनापासून लढवलं आणि शेड काढून टाकायची ऑर्डर तशीच कायम झाली कारण तिचं अपील कोणी टाकलंच नव्हतं. त्यामुळे अर्जात सरळ लिहा की मी दोन्हींविरुद्ध अपील करतोय, दोन्ही नंबर टाका.

मुदत प्रत्येक सिटीची आपापली असते, कुठे १०, कुठे १५, कुठे ३० दिवस, आणि ती तुमच्या म्युनिसिपल कोडमधे, म्हणजे सिटीच्या नियमांच्या संग्रहात, लिहिलेली असते, जो ऑनलाइन मिळतो. दिवस म्हणजे बहुतेक ठिकाणी कॅलेंडरचे दिवस, शनिवार-रविवार धरून. पोस्टाने पाठवलेलं वेळेत 'पोचलं' पाहिजे का 'टाकलं' पाहिजे हेही कोडवरच असतं, म्हणून मी सांगतो पोस्टाच्या भानगडीत पडूच नका, सिटी क्लार्कच्या खिडकीवर स्वतः जा, दोन प्रती न्या, एक त्यांना द्या आणि दुसरीवर तारखेचा शिक्का मारून घ्या. तो शिक्का म्हणजे तुमची केस. अजून एक खोच आहे, बऱ्याच सिटींत दंडाच्या अपीलला दंडाची रक्कम आधी जमा करावी लागते, जिंकलात तर परत. ती भरली नाही किंवा परवडत नाही म्हणून माफीचा हार्डशिप अर्ज दिला नाही, तर अपील आलंच नाही असं धरतात. शंभर डॉलरच आहेत, भरून टाका.

अर्जात काय लिहायचं? एक पान पुरे. पत्ता, केस नंबर, कोणत्या कागदांचं अपील, कोणते मुद्दे मान्य नाहीत, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय. आईचं आजारपण एका वाक्यात. मला माहितीये तुम्हाला ते तीन पानं लिहावंसं वाटणार, आयसीयूचे दिवस, तिकिटं पुढे ढकलली ते सगळं, पण ते हिअरिंगला तोंडी सांगा, अर्जात मुद्दे. आणि पुढे आणखी मुद्दे मांडायचा हक्क राखून ठेवतो अशी एक ओळ शेवटी घाला.

मुद्दे आणायचे कुठून, तर नोटिशीत जे सेक्शन नंबर आहेत तिथून. कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल कोडमधे न्यूसन्सची व्याख्या १८७२ पासून आहे, सेक्शन ३४७९, आरोग्याला अपायकारक, इंद्रियांना त्रासदायक, लोकांच्या मालमत्तेच्या उपभोगात अडथळा आणणारं असं सगळं त्यात येतं. एवढी ढगळ व्याख्या की त्यात काहीही बसेल. म्हणून सिट्या स्वतःचे नियम करतात, तो अधिकार त्यांना राज्याच्या गव्हर्नमेंट कोडने दिलाय, आणि तुमच्यावर आरोप आहे तो त्या स्थानिक नियमाखाली. तो शब्दन् शब्द वाचा. खरंच, मी इतकी वर्षं बघतोय, शंभरातल्या एखाद्यानेच तो सेक्शन उघडून वाचलेला असतो, बाकीचे शेजाऱ्याबद्दल बोलत असतात.

उदाहरण सांगतो. एके ठिकाणी नियमात गवताची उंची इंचात दिलेली होती. इन्स्पेक्टरने फोटो काढले चार, सगळे गाडीत बसून, आणि रिपोर्टमधे लिहिलं 'उंच गवत'. घरमालकीणबाईंनी नोटीस मिळाली त्याच दिवशी सुताराची टेप गवतात उभी धरून फोटो काढलेला, आकडे स्वच्छ वाचता येत होते, आणि उंची मर्यादेच्या खाली भरत होती. सिटीकडे माप नव्हतंच. सिद्ध करायचं ओझं सिटीवर असतं, तुमच्यावर नाही. दंड रद्द केला मी, पाच मिनिटांत. पण तुमच्या सिटीच्या नियमात इंच नसतील, नुसतं 'अतिवाढलेलं, आगीला कारण होईल असं' असेल, तर टेपचा काही उपयोग नाही, तिथे गुडघाभर गवत म्हणजे सिटीची बाजू भक्कम, गवतावर भांडू नका. गवत फक्त पिवळं पडलं म्हणून नोटीस असेल तर गोष्ट निराळी, २०१५ पासून राज्याचा कायदा आहे की दुष्काळाची आणीबाणी जाहीर असताना लॉनला पाणी घातलं नाही, गवत वाळलं, म्हणून सिटी दंड करू शकत नाही. वाळलेलं आणि वाढलेलं यात फरक करा.

आणखी एक, इन्स्पेक्टर असतानाचं. एका काकांनी, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, पुढच्या अंगणात दुधीचा मांडव घातला. बांबू, सुतळी, वर जाळी, आणि दुधी अक्षरशः फुटपाथवर लोंबायला लागले. तक्रार आली, मी गेलो, नोटीस द्यावीच लागली, विनापरवाना स्ट्रक्चर म्हणून. काकांनी मला चहा दिला आणि जाताना दुधी, जो मी घेऊ शकत नव्हतो, तर फार वाईट वाटलं त्यांना. मुलाने अपील केलं आणि व्याख्याच पुढे केली: त्या सिटीच्या कोडमधे स्ट्रक्चर म्हणजे जमिनीला कायमचं पक्कं केलेलं. मांडव सुतळीने बांधलेला, डिसेंबरात निघणार. नोटीस टिकली नाही. फुटपाथवर लोंबणारे वेल मात्र कापावे लागले, तो मुद्दा त्यांनी आधीच मान्य केला होता आणि माझ्या मते जिंकले त्यामुळेच, कारण जो माणूस चारातला एक मुद्दा स्वतःहून मान्य करतो त्याचे उरलेले तीन लोक लक्ष देऊन ऐकतात.

तुमच्या शेडकडे वळू, कारण खरा पैसा तिथे आहे. राज्याच्या रेसिडेन्शियल कोडमधे १२० चौरस फुटांपर्यंतच्या, घरापासून सुट्या, एकमजली शेडला बिल्डिंग पर्मिट लागत नाही. १० बाय १२ म्हणजे बरोबर १२०, म्हणूनच दुकानात त्या मापाच्या शेड इतक्या विकल्या जातात. टेप लावा आणि मोजा. पण आत वायर ओढून दिवा किंवा फ्रीज लावला असेल तर इलेक्ट्रिकल पर्मिट लागतं, आणि फेन्सपासून किती अंतर सोडायचं हा झोनिंगचा (कुठे काय बांधता येतं याचा) नियम वेगळा, तो १२० च्या आतल्या शेडलाही लागू असू शकतो. दुसरं म्हणजे, आणि हे लक्षात ठेवा, गव्हर्नमेंट कोड ५३०६९.४ असं सांगतो की बिल्डिंग, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल अशा प्रकारचं चालू असलेलं उल्लंघन असेल आणि त्यातून तातडीचा धोका नसेल, तर दंड लावायच्या आधी दुरुस्तीला वाजवी मुदत द्यायला पाहिजे. तुमचं सायटेशन नोटिशीच्याच तारखेचं आहे. त्यातला शेडचा भाग असेल तर हा मुद्दा अर्जात पहिला टाका. शेड १२० च्या वर निघाली तर बिल्डिंग डिपार्टमेंटमधे पर्मिटचा अर्ज आत्ताच टाका आणि त्याची पावती हिअरिंगला न्या, मी तरी अशा माणसाला मुदत न देता परत पाठवलेलं मला आठवत नाही.

कॅमरी. टायर भरा, बॅटरी घाला, रजिस्ट्रेशन चालू करा, चालवून दाखवा, किंवा गॅरेजमधे घाला, किंवा विकून टाका. कव्हर घालून भागत नाही बहुतेक ठिकाणी. सिटीला ती उचलून न्यायची असेल तर व्हेइकल कोडप्रमाणे दहा दिवसांची वेगळी नोटीस यायला लागते आणि त्यावरही हिअरिंग मागता येतं. पण जुन्या कॅमरीसाठी एवढं कशाला.

लाकडं आणि पत्रे मागे आहेत, रस्त्यावरून दिसत नाहीत, मग इन्स्पेक्टरला कसे दिसले? हे विचारा. शेजाऱ्याने त्याच्या अंगणातून बघू दिलं असेल तर चालतं. पण तुमच्या गेटची कडी काढून आत आला असेल तर ते चुकीचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्याच एका भाडेकरूच्या केसमधे, कमारा नावाची, १९६७ मधे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की घराच्या तपासणीला संमती नाहीतर वॉरंट लागतं. वॉरंट आणलं तरी साधारणपणे २४ तास आधी कळवावं लागतं आणि सकाळी ८ ते संध्याकाळी ६ मधेच यावं लागतं. याचा अर्थ दारात उभं राहून तावातावाने कायदा सांगा असा नाही. 'मंगळवारी चारला या, मी घरी आहे, पुढचं अंगण आणि शेड दाखवतो' एवढं म्हणा. घराच्या आत घ्यायची गरज नाही. गवतासाठी आलेला माणूस आत आला की त्याला गॅरेजमधल्या वॉटर हीटरला भूकंपात पडू नये म्हणून लावायची पट्टी नाही हे दिसतं आणि मग नवीन नोटीस. मी स्वतः लिहिल्यात अशा.

अपील टाकलं की त्याच दिवशी क्लार्ककडे पब्लिक रेकॉर्ड्सचा अर्जही द्या: सगळे फोटो, इन्स्पेक्टरच्या नोंदी, मूळ तक्रार, पोस्टाची नोंद. साधारण दहा दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना. तक्रार करणाऱ्याचं नाव बहुधा काळं करून येतं आणि ते बरंच आहे. कोणी केली, कोणी केली, या विचारात लोकांची झोप जाते, समोरच्या आजीबाईंशी बोलणं बंद होतं आणि नंतर कळतं की तक्रार पोस्टमनने केली होती. हिअरिंगमधे त्याचा शून्य उपयोग.

पोस्टाची नोंद का मागायची ते सांगतो. तुम्ही भारतात असताना सर्टिफाइड पत्र आलं असणार, कोणी घेतलं नाही म्हणून परत गेलं असणार. २००६ च्या जोन्स विरुद्ध फ्लॉवर्स या केसमधे, कर थकला म्हणून अर्कान्सासमधलं एकाचं घर विकलं होतं आणि त्याला पाठवलेली सर्टिफाइड पत्रं तशीच परत आली होती, तिथे सुप्रीम कोर्ट म्हणालं की पत्र परत आलंय हे कळल्यावर सरकारने आणखी काहीतरी जमण्यासारखं करायला हवं होतं, उदाहरणार्थ साध्या पोस्टाने पाठवणं, दारावर लावणं. तुमच्याकडे दारावर लावलंय, त्यामुळे नोटीसच मिळाली नाही हा मुद्दा पूर्ण चालणार नाही. पण त्या अडीच महिन्यांत पहिली सूचना आणि मग सायटेशन अशी पायरी असेल, तर मुदत मिळाली तेव्हा तुम्ही देशातच नव्हता हे दाखवायला बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचा मुंबईचा शिक्का न्या. दंड निदान कमी तरी होतो.

हिअरिंग म्हणजे कोर्ट नव्हे. सिटी हॉलमधली एक मीटिंग रूम, पाण्याची बाटली, एक रेकॉर्डर. आधी इन्स्पेक्टर बोलतो, मग तुम्ही, पंधरा-वीस मिनिटं. पुराव्याचे कडक नियम नसतात, ऐकीव माहितीही येते, पण नुसत्या ऐकीववर निकाल टेकवणं कठीण असतं. कागदांचे तीन संच न्या. 'अख्ख्या गल्लीत सगळ्यांच्याच शेड आहेत' हे बोलू नका, त्याने काही होत नाही आणि शेजाऱ्यांना नोटिसा जातात. मागणी आकड्यांत करा: गवत आणि गाडी झाली, फाइल बंद करा, शेडच्या पर्मिटला ६० दिवस द्या, सायटेशन रद्द करा. इंग्रजी अडखळलं तरी चालतं, हळू बोला.

माझा पगार सिटी देते म्हणून मी त्यांच्याच बाजूचा, असं वाटणं साहजिक आहे. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाला २००२ मधे हास नावाच्या केसमधे तेच वाटलं होतं, की सरकारने दर वेळी आपल्या मर्जीने ऑफिसर निवडायचा आणि पुढचं काम त्याला द्यायचं का नाही तेही त्यांनीच ठरवायचं, हे नि:पक्ष नाही. त्यामुळे निवड कशी झाली हे सभ्यपणे विचारायला काहीच हरकत नाही, मला विचारतात, मी सांगतो. आणि डूख धरण्याबद्दल म्हणाल तर इन्स्पेक्टरच्या टेबलावर फायलींचा ढीग असतो, तुमची बंद झाली तर त्याला आनंदच आहे. ग्रीन कार्डची भीतीही बरेच जण खाजगीत विचारतात. असं सायटेशन सिव्हिल, म्हणजे दिवाणी असतं, गुन्हा नव्हे. पण कागदावर 'मिस्डिमिनर' (किरकोळ फौजदारी गुन्हा) हा शब्द आणि कोर्टाची तारीख असेल तर मात्र थांबा आणि इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा.

निकाल लेखी येतो आणि त्यात कारणं पाहिजेत. विरुद्ध गेला तर दंडाच्या भागासाठी सुपीरियर कोर्टात २० दिवसांत अपील, फी २५ डॉलर, आणि तिथे सगळं नव्याने ऐकतात. अबेटमेंटच्या ऑर्डरसाठी रस्ता वेगळा, रिट, म्हणजे ऑर्डर तपासा असा कोर्टाकडे अर्ज, करावं लागतं, साधारण ९० दिवसांची मुदत, तिथे वकील लागतोच.

आणि ऑर्डर पाळली नाही तर सिटी आपला कॉन्ट्रॅक्टर आणून साफ करते आणि बिल घरावर चढवते, लियन (बोजा) म्हणून किंवा थेट प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात. दोन वर्षांत दुसऱ्यांदा कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला तर खर्चाच्या तिप्पट लावू शकतात. तेही बिल तपासता येतं हे लोकांना माहीत नसतं. एका गृहस्थांनी डम्पची, म्हणजे कचरा डेपोची, पावती मागवली. बिलात तीन ट्रक कचरा, पावती एका ट्रकची. त्यांचं बिल तिथल्या तिथे निम्म्याच्या खाली आलं. माझ्यासमोरच.

तुम्ही बुधवारी विचारलंय आणि सहा दिवस गेलेत म्हणताय, म्हणजे दहावा दिवस रविवारी पडतोय. तो सोमवारवर ढकलला जाईल असं धरून चालू नका. आणि इथले पुष्कळ सिटी हॉल एक आड एक शुक्रवारी बंद असतात, तुमचा असेल तर तुमच्याकडे चार दिवस नाहीत, उद्याचा गुरुवार आहे, खिडकी बंद व्हायच्या आत. शंभर डॉलरचा चेक आणि अर्जाच्या दोन प्रती घेऊन जा.